मोजणीबाई

"जन्मली तेव्हा होतं का हे?"

बाळाच्या आईने सासूकडे पाहिलं आणि सासूने भिंतीवरच्या वजनाच्या तक्त्याकडे. मोजणीबाईंना त्याचं नवल राहिलं नव्हतं. हा प्रश्न विचारला की प्रत्येक घरात अशीच नजरानजर होते. माणसांना वाटतं, आता कुणाच्या तरी माथी खापर फुटणार.

"यात चूक कुणाचीच नसते," त्या म्हणाल्या. "जन्मतः होतं की मागाहून आलं, एवढंच सांगा."

मागाहून, असं आई म्हणाली. पोर जन्मली तेव्हा चेहरा अगदी स्वच्छ होता. पंधरा-सोळा दिवसांनी डाव्या पापणीवर डास चावल्यासारखा ठिपका दिसला. डासच असेल म्हणून चार दिवस सोडून दिलं. मग तो लाल झाला, मग उंच झाला, आणि पोर अडीच महिन्यांची होईतो वरच्या पापणीवर स्ट्रॉबेरीसारखी टपोरी गाठ येऊन बसली. रडली की गाठ जांभळी पडायची. जागी असली तरी डावा डोळा जेमतेम अर्धा उघडायचा, म्हणून घरात तिला लाडाने डुलकी म्हणू लागले होते.

मोजणीबाईंनी दोन्ही तळवे एकमेकांवर घासून ऊन केले. थंड हात लागला की लेकरं अंग चोरतात, आणि अंग चोरलं की माप चुकतं. त्यांनी गाठ बोटाने हलकेच दाबली. रंग फिकटला आणि बोट काढताच परत भरून आला. हाताला ती कोमट लागली, पण आत नाडी उडत नव्हती. मग पारदर्शक पट्टी धरून त्यांनी आकडे लिहिले: अठरा बाय चौदा मिलिमीटर, बुबुळ निम्मं झाकलेलं. फोटो काढला, वजन केलं, नाडी मोजली आणि केसपेपर डॉक्टरांच्या टेबलावर सरकवला.

लहान मुलांच्या त्या हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावरच्या त्वचेच्या विभागात त्या हे काम सव्वीस वर्षं करत आल्या होत्या. मोजणीबाई हे नाव कुणा शिकाऊ डॉक्टरने ठेवलं होतं. तो डॉक्टर कधीच निघून गेला, नाव मात्र चिकटलं. खरं नाव आता हजेरीपटापुरतंच उरलं होतं. त्या मापापलीकडे बोलत नसत. पालकांनी काही विचारलंच तर म्हणत, "बोलायचं काम मॅडमचं, मोजायचं माझं."

मॅडम, म्हणजे विभागातल्या तरुण डॉक्टरीणबाई, समजावून सांगण्यात हुशार होत्या. त्यांनी सांगितलं की ही कॅन्सरची गाठ नाही, कुठे पसरणारही नाही. बारीक रक्तवाहिन्यांचा हा गुंता आहे. पहिले काही महिने झपाट्याने वाढतो, मग थांबतो आणि पुढे वर्षानुवर्षं हळूहळू विरत जातो. बहुतेक मुलांना काहीच करावं लागत नाही. पण ही डोळ्यावर आहे. बघायचं कसं, हे बाळाचा मेंदू पहिल्या महिन्यांतच शिकतो. झाकलेला डोळा शिकायचा राहून गेला, तर नंतर कुठलाही चष्मा उपयोगाचा नाही. म्हणून औषध सुरू करायचं. दिवसातून दोनदा, तोंडाने, साधारण वर्षभर. तसं ते हृदयाचं औषध आहे. ते घेणाऱ्या एका बाळाची अशी गाठ विरली, तेव्हा त्याचा हा गुण डॉक्टरांच्या ध्यानात आला.

इथे माशी शिंकली. 'हृदयाचं' हा शब्द आजीच्या कानात शिरला आणि पुढचं काहीच शिरेना.

आजी अडाणी नव्हती. तिने शांतपणे आपली बाजू मांडली. तिच्या भाच्याच्या पाठीवर अशीच गाठ होती, चांगली मोठी. कुणी हात लावला नाही. शाळेत जाईपर्यंत गेली, आज त्याची पाठ आरशासारखी आहे. मॅडम स्वतःच म्हणतात की ती आपोआप जाते. मग एवढ्याशा जिवाच्या काळजाला औषध कशाला पाजायचं? मुलगा बसवर ड्रायव्हर आहे, लांबच्या फेरीवर गेलाय. तो येऊ दे, विचार करून सांगू. सून खाली मान घालून टोपडं नीट करत राहिली. मॅडमनी पुन्हा समजावलं, मग पुढच्या आठवड्याची तारीख दिली आणि एकेक आठवडा मोलाचा आहे असं बजावलं. बाहेर अजून चौदा पेशंट होते.

त्या तिघी गेल्या आणि पुढचं बाळ टेबलावर आलं. मोजणीबाईंनी त्याचं माप घेतलं, पण आकडा दोनदा खोडावा लागला.

त्यांच्या मुलीलाही अशीच गाठ होती.

तेहतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या तेव्हा याच हॉस्पिटलात सर्जरीच्या वॉर्डात नव्या नर्स होत्या. मुलगी चार महिन्यांची, आणि ओठाच्या उजव्या कोपऱ्याखाली, हनुवटीच्या कडेला, द्राक्षाएवढी लाल गाठ. तेव्हा हे औषध नव्हतं. त्वचेच्या विभागातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी पट्टी लावून पाहिली आणि म्हणाले, काही करू नकोस. पोरगी दुसरीत जाईल तेव्हा कुठे होती ते शोधावं लागेल. फार तर थोडी सैल कातडी उरेल. फक्त थांब.

पण थांबणं हे जगातलं सगळ्यात अवघड काम, आणि पंचविशीत तर फारच. रस्त्याने जाताना माणसं वळून बघायची. शेजारीण दर दोन दिवसांनी विचारायची, वाढली का हो. रोज टाके घालताना पाहणाऱ्या तरुण नर्सला वाटायचं, एवढीशी तर गाठ, कापली की संपलं. वॉर्डातले सर्जन ओळखीचे होते, हात सफाईदार होता. त्यांनी 'बघू या की' म्हणताच तिने दुसऱ्याच दिवशी नंबर लावून घेतला. नवरा म्हणाला, तू त्यातली आहेस, तुला कळतं. म्हाताऱ्या डॉक्टरांनी थांब म्हटल्यापासून ऑपरेशनपर्यंत नऊ दिवस गेले होते.

गाठीतून रक्त थांबेना. थांबवता थांबवता ओठ हलवणारी एक बारीक नस कापली गेली. ओठाचा तो कोपरा कायमचा लुळा पडला. हसताना मुलीच्या तोंडाची डावी बाजू खाली यायची आणि उजवी तशीच राहायची. हनुवटीवर दोरीसारखा व्रण. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सर्जन दुसऱ्या गावी निघून गेले. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात, बाईंनी त्याच्याही पुढची गोष्ट केली. मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा त्यांनी त्वचेच्या विभागात बदली मागून घेतली आणि तिथे बसून त्या मोजत राहिल्या. बारा मिलिमीटर. दहा. सहा. फिकट. सपाट. काही न करता विरत गेलेल्या शेकडो गाठी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिल्या.

मुलगी आठवीत असताना तिने एकदा विचारलं होतं, हे माझं असं का झालं. बाईंनी सांगितलं, गाठ फुटणार होती, तू वाचली नसतीस, म्हणून कापावी लागली. वेळ मारून नेली. मुलीने ते मानलं, आणि मोठेपणी कुणी विचारलं तर तीही तेच सांगू लागली. आईने वाचवलं मला, असं म्हणायची. बाईंच्या नवऱ्याला ठाऊक होतं, तो सहा वर्षांपूर्वी गेला. त्यानंतर ही गोष्ट जाणणारं बाईंखेरीज कुणी उरलं नव्हतं.

पुढच्या बाळाला आईच्या हातात देऊन मोजणीबाई कॉरिडॉरमध्ये आल्या. त्या तिघी अजून बाकावरच होत्या. बस सुटायला अवकाश होता, डुलकी दूध पिऊन जागी होती.

त्या आजीशेजारी बसल्या. आजी सावध झाली, आता ही आणखी एक समजवायला आली म्हणून.

"आजी, तुमचं बरोबर आहे," मोजणीबाई म्हणाल्या.

आजीने वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"घाई करू नये हे अगदी बरोबर. माझ्या मुलीला इथे होती अशीच." त्यांनी स्वतःच्या हनुवटीला बोट लावलं. "थांब म्हणून सांगितलं होतं मला. मी नाही थांबले, कापून घेतली. तिचा ओठ वाकडा झाला, तो आजही आहे. थांबले असते तर आज बहुतेक काही दिसलंच नसतं."

हे वाक्य त्यांनी जन्मात पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं होतं, आणि तेही एका परक्या बाईपुढे, ट्रॉलीच्या चाकांच्या आवाजात. स्वतःचा आवाज त्यांना दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

"मग आम्हाला कशाला घाई करायला सांगता?" आजीने विचारलं. विचारण्यात टोचणी नव्हती.

"कारण तिची हनुवटीवर होती आणि हिची डोळ्यावर आहे. मी सांगते म्हणून ऐकू नका. तुम्हीच बघा."

त्यांनी खिशातला किल्ल्यांचा जुडगा डुलकीसमोर धरला. डुलकीची नजर त्याच्यावर खिळली. जुडगा इकडे गेला की नजरही सरकायची. मग त्यांनी आजीला डुलकीचा डावा, गाठीचा डोळा तळव्याने झाकायला सांगितला. आजीने झाकला. डुलकीला काही फरक पडला नाही, ती किल्ल्या बघत राहिली.

"आता तो सोडा. हा चांगला डोळा झाका."

आजीने उजवा डोळा झाकला. डुलकीची नजर भरकटली. तिने मान हलवून हात चुकवायचा प्रयत्न केला, हुंकारली, आणि मग रडायला लागली. आजीने हात काढला, डुलकी गप्प झाली. आजीने पुन्हा झाकून पाहिलं. पुन्हा तेच.

आजी बराच वेळ आपल्या तळव्याकडे बघत होती. सुनेने पदर तोंडाला लावला होता.

"चला परत आत," आजी सुनेला म्हणाली, "ड्रायव्हरसाहेबांना मी सांगेन काय सांगायचं ते." ती उठली, डुलकीला खांद्यावर घेतलं, आणि मॅडमच्या दाराशी पोचल्यावर वळून तिने मोजणीबाईंना अगदी साधेपणाने विचारलं, "तुमच्या मुलीला ठाऊक आहे का हे?"

"नाही," मोजणीबाई म्हणाल्या.

आजी डुलकीला घेऊन आत गेली.

पहिला डोस त्याच दुपारी दिला. बाईंनी तासाने नाडी आणि रक्तदाब पाहिला, दोन तासांनी पुन्हा. सगळं ठीक होतं. घरी सोडताना त्यांनी तीन गोष्टी आजीकडून वदवून घेतल्या: दूध पाजल्याशिवाय औषध नाही; पोर उलट्या करत असेल, दूध घेत नसेल, तर त्या वेळचा डोस चुकवायचा आणि फोन करायचा; आणि एक डोस चुकला म्हणून पुढचा दुप्पट करायचा नाही. औषधाला सगळ्यात जास्त नाक मुरडणारी आजीच मग औषधाची मालकीण झाली. सुनेला ती औषध पाजायच्या पिचकारीला हातही लावू देत नसे. पाचव्या आठवड्यात डुलकीला उलट्या झाल्या तेव्हा आजीने डोस रोखला, हॉस्पिटलला फोन लावला आणि पलीकडे कुणी शिकाऊ डॉक्टर गोंधळला तेव्हा त्यालाच तिन्ही नियम म्हणून दाखवले. मॅडम त्या दिवशी पोट धरून हसल्या.

गाठ पहिल्याच आठवड्यात मऊ पडली होती. दुसऱ्या महिन्यात ती बारा बाय नऊ झाली, रंग करडा पडू लागला. बुबुळ पूर्ण मोकळं झालं. नेत्रविभागाने चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी बांधायला सांगितली, म्हणजे डाव्याने आळस सोडावा.

मोजणीबाई हे सगळं लिहीत होत्या आणि आजीचा प्रश्न त्यांच्या डोक्यातून जात नव्हता. परक्या बाईला सांगितलं आणि पोटच्या पोरीला नाही, हे त्यांना खाऊ लागलं.

मुलगी भूमापन कचेरीत नकाशे काढायची. तिचा नवरा भला होता. मूलबाळ नव्हतं, आणि त्याचं दोघांना दुःख असल्याचं दिसत नव्हतं. रविवारी दुपारी ती आईकडे यायची, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता आठवड्याच्या गप्पा सांगायची. अशाच एका रविवारी मोजणीबाईंनी तिच्यापुढे जुना केसपेपर ठेवला. कपाटाच्या तळाशी कागदाखाली तो तेहतीस वर्षं होता. म्हाताऱ्या डॉक्टरांचं अक्षर स्वच्छ होतं: गाठ अकरा मिलिमीटर. धोका नाही. काही करू नये. दर दोन महिन्यांनी मोजावी.

मुलीने तो दोनदा वाचला. कागद वाचणं हा तिचा व्यवसायच होता.

"धोका नाही, असं लिहिलंय."

"हो."

"तू तर म्हणाली होतीस, मी वाचले नसते."

"खोटं सांगितलं."

मुलीने कागदावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मग तिने विचारलं, "किती थांबायला सांगितलं होतं?"

"सहा-सात वर्षं."

"आणि तू किती थांबलीस?"

"नऊ दिवस."

मोजणीबाईंनी मनाशी पुष्कळ जुळवून ठेवलं होतं. वय लहान होतं, लोक बोलायचे, तुझ्यासाठीच केलं. त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही, आणि नंतर त्यांना वाटलं, निघालं नाही तेच बरं झालं. मुलीने हातातल्या उशीच्या अभ्र्याची घडी पुरी केली, ढिगावर ठेवली, केसपेपर पर्समध्ये घातला आणि चपला घालून गेली. दार तिने आपटलं नाही, नेहमीसारखंच ओढून घेतलं.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. जावयाचा एकदा फोन आला. ती बरी आहे, कामावर जाते, एवढंच तो म्हणाला. काय झालं हे त्याने विचारलं नाही, म्हणजे त्याला ठाऊक असावं. मोजणीबाईंनी आपण होऊन फोन केला नाही. केला असता तर माफी मागितली असती, आणि माफी मागितली की समोरच्याला ती द्यावी लागते. तेवढीही घाई त्यांना करायची नव्हती. आठवड्यामागून आठवडा त्या लेकरांच्या गाठी मोजत राहिल्या. एकदा चार वर्षांची एक मुलगी आली. तिची हनुवटीवरची गाठ विरून गेली होती आणि कातडीवर नुसता फिकट चुरगळा उरला होता. बाईंनी आकड्याच्या जागी रेघ मारली आणि हात धुवायला गेल्या. त्या दिवशी नळ जरा जास्त वेळ चालू राहिला.

सातव्या रविवारी सकाळी दारावरची बेल वाजली. मुलगी उभी होती. हातात पावाची पिशवी होती, चेहरा झोप न झाल्यासारखा.

"आत ये," मोजणीबाई म्हणाल्या.

ती आली, स्वयंपाकघरात गेली, पिशवी ओट्यावर ठेवली आणि पाठमोरीच उभी राहिली.

"मला राग आलाय तुझा, आई. कापलंस त्याचा कमी आहे. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, आईने वाचवलं म्हणून, आणि तू ऐकत राहिलीस. त्याचा जास्त आहे."

"हो."

"जाईल की नाही, मला माहीत नाही."

"नाही गेला तरी चालेल."

"चालेल की नाही, तेही माहीत नाही." ती वळली. "पण रविवारी येत जाईन. घरी बसूनही तेच डोक्यात येतं. इथे निदान कपड्यांच्या घड्या तरी होतील."

मोजणीबाईंनी चहा ठेवला. दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्याकडे बघत उभ्या राहिल्या, कप भरले, टेबलावर आणून ठेवले. टेबलाला तीन खुर्च्या होत्या. आजवर त्या न चुकता लेकीच्या डाव्या हाताची खुर्ची घेत आल्या होत्या. तिकडून व्रण दिसत नसे. मुलीने ते कधी हेरलं होतं की नाही, कोण जाणे. त्या दिवशी त्यांनी समोरची खुर्ची ओढली.

मुलगी पाव चहात बुडवून खात होती. कचेरीत नवीन यंत्रं आली आहेत, आता हाताने नकाशे काढणारी ती एकटीच उरली आहे, असं काहीतरी सांगत होती. उजव्या कोपऱ्यात ओठ पुरता मिटत नव्हता. तिथून चहाचा एक थेंब निसटून व्रणावरून खाली आला. बोलता बोलता तिने तो अंगठ्याने टिपला, लहानपणापासून टिपत आली होती तसा, आणि पुढे बोलत राहिली. मोजणीबाई तिच्याकडे बघत ऐकत होत्या.